सावलीवाले मामा

मामांच्या दुकानात कॉफीच्या आधी कॉफीची हकिकत मिळायची. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की पातेल्यावरची नजर न काढता मामा म्हणायचे, "कडक का हलकी, ते मागून सांगा. ही कॉफी कुठली हाय, ते विचारलं का?" गिऱ्हाईक बिचारं जालना रोडच्या उन्हातून आलेलं असायचं, त्याला घसा ओला करण्याशी मतलब. ते चाचरत विचारायचं, "कुठली आहे?" मग मामांची कळी खुलायची. कुर्गातला डोंगर, डोंगरावरचे फणस आणि रानउंबर, त्यांच्या सावलीत वाढलेली कॉफी, ती वेचणाऱ्या बायांना वेळेवर मिळणारी मजुरी, त्यांच्या पोरांसाठी मळ्यातच चालणारी बालवाडी, आणि फळं धुतलेलं घाण पाणी ओढ्यात न सोडणारा मळेवाला, एवढं सगळं ऐकून झालं की पेला हातात पडायचा. तोवर पुष्कळदा दूध उतू गेलेलं असायचं. शेजारी मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारे बशीरभाई रोजचे गिऱ्हाईक. ते म्हणायचे, "मामा, कॉफी पिला रै के गवाही ले रै?"

चिकलठाण्यात सगळे त्यांना सावलीवाले मामा म्हणत. दुकानावर पाटीच होती तशी, 'सावलीतली कॉफी'. माझे ते सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. पिशोरचं शेतकरी घर. मामा शिकून चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात स्टोअरला लागले आणि धाकटे रामभाऊ शेतीवर राहिले. आमच्या आजोळी कॉफी म्हणजे आजारी माणसाला जायफळ घालून द्यायचं औषध. बरा माणूस कॉफी मागायला लागला तर त्याच्या कपाळाला हात लावून बघत. अशा घरात हा माणूस कॉफीच्या नादी कसा लागला, याचं नवल माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं.

त्याला कारण झालं एक लग्न. कारखान्यातले पोन्नप्पासाहेब कुर्गचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाला मामा गेले आणि दोन दिवस मळ्यात राहिले. तिथं त्यांनी सावलीतली कॉफी पाहिली, आणि परतताना एक उघडा डोंगरही पाहिला. त्याच्यावरही कॉफीच होती, फक्त झाडं नव्हती. "भादरल्यावाणी दिसत होता," मामा सांगायचे. "ऊन लागलं की पीक दांडगं येतं म्हणून झाडं पाडलेली. पाखरू नाय, काय नाय. वेचणाऱ्या बाया भर उन्हात. चार पोती जास्त पायजेत, दुसरं काय?" नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी नव्या सोसायट्यांच्या तोंडाशी हे दुकान टाकलं. चहा ठेवला असता तर दुकान धावलं असतं. मामांनी चहाचं नावसुद्धा काढलं नाही.

माल घेताना ते सोयरीक जुळवल्यासारखी चौकशी करत. एकदा एक विक्रेता गुळगुळीत पाकिटं घेऊन आला. पाकिटावर हिरवं पान, खाली 'निसर्गस्नेही' असं छापलेलं. मामांनी विचारलं, मळा कुणाचा? तो म्हणाला, कंपनीचा. वेचतं कोण? कामगार. कामगार राहतात कुठं? त्याला ठाऊक नव्हतं. मामांनी पाकीट त्याच्या हातात परत दिलं. "पान छापायला काय लागतं बाबा, शाई लागते." दुसऱ्या एका मळ्याचा नमुना आला होता, तो खरोखर अप्रतिम होता. बशीरभाई दोन पेले प्यायले. मामांनी फोनाफोनी केली तेव्हा कळलं, तिथल्या बायांना प्यायचं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागतं. मामांनी तो माल घेतला नाही. नेहमीच्या मळ्याचा माल यायला उशीर होता, तोवर दुकानात कोकम सरबत मिळालं. कॉफीच्या दुकानात सरबत विकणारा माणूस म्हणून लोक हसले. मामा त्यांच्याबरोबर हसले आणि सरबत ढवळत राहिले.

कागदी पेले त्यांनी कधी आणले नाहीत. "त्याला आतून प्लास्टिक असतं. कॉफी पोटात जाती आणि पेला नाल्यात." ज्याला कॉफी बरोबर न्यायची त्यानं आपलं भांडं आणावं, असा नियम. हापिसातल्या पोरींनी शेवटी आपापले स्टीलचे पेले मामांच्या फळीवरच ठेवून दिले. त्यांच्यावर नेलपॉलिशनं नावं लिहिलेली होती.

हे सगळं दुकानात ठीक होतं. मामांबरोबर बाहेर कुठं जायचं म्हणजे मात्र मला घाम फुटायचा. माझं लग्न ठरायच्या वेळी मुलाकडच्यांनी शहरातल्या एका झकपक कॅफेत भेटायचं ठरवलं. वडील नसल्यामुळे आमच्याकडून बोलायला मामा. वेटर आला. सगळ्यांनी कॉफी सांगितली. मामांनी विचारलं, "कुठली हाय?" वेटरनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर ऐटीत म्हणाला, इटलीची. "इटलीत कॉफी पिकत नाय," मामा म्हणाले. "तिथं भाजत असतील. पिकवली कुणी?" आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मी मान खाली घालून टेबलावरच्या साखरेच्या पुड्या मोजायला लागले. मामा मॅनेजरला सावली समजावून सांगत होते, आणि होणारे सासरे खो खो हसत होते. ते स्थळ जमलं. ते हसणं चांगलं होतं की वाईट, हे मला त्या दिवशी मात्र कळलं नव्हतं.

एवढं करूनही मामा उद्धट नव्हते. त्यांना मनापासून वाटायचं की माणसाला माहीत नाही म्हणून तो विचारत नाही, माहीत झालं की आपोआप विचारील. स्वतःबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती. यायचं कारणही नव्हतं. तो शनिवार येईपर्यंत.

दिवाळी होऊन गेली होती. मी शाळेत शिकवते, शनिवारी अर्धा दिवस, म्हणून दुपारी दुकानात होते. समोरच्या सोसायटीतली तरुण मंडळी आली होती. त्यातली एक मुलगी मोबाइलवर मामांचं चित्रण करत होती. मामा रंगात आले होते. "झाड काय एकल्याचं असतं व्हय? वर पाखरं, खाली माणसं. तोडणारा तेवढं बघत नाय. त्याला वाटतं, सावलीनं पीक मार खातं." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मी फोन उचलला, आवाज मोठा केला आणि त्यांच्यासमोर धरला. रामभाऊंचा फोन होता. थोरल्याला विचारल्याशिवाय आमच्या घरी बांधावरच्या झाडाला हात लावत नाहीत.

"दादा, शेजारी मशीनवाला आलाय. आपला बांधावरचा लिंब पाडून घेऊ का? त्याच्या सावलीनं दोन सऱ्या मका भरत नाय."

"घे पाडून," मामा म्हणाले. "त्याला काय विचारायचं?"

फोन बंद झाला. मामा वळले, "तर सावलीचं काय असतं," म्हणाले, आणि थांबले. गाळणी हातातच राहिली. मुलीनं मोबाइल हळूच खाली केला. बशीरभाई पेल्यात बघत बसले. सगळ्यांनी ऐकलं होतं. मग मामांनी पुढची हकिकत सांगितली. बाया, मजुरी, बालवाडी, ओढ्याचं पाणी, काही म्हणजे काही गाळलं नाही. फक्त आवाज पाठ केलेलं म्हणावं तसा लागत होता. जाताना ती मुलगी अदबीनं म्हणाली, "मामा, तो फोनचा भाग मी काढून टाकते."

"व्हय," मामा म्हणाले. "काढा."

मंडळी रस्ता ओलांडून गेल्यावर त्यांनी रामभाऊंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग ओल्या हातांनीच शटर ओढलं आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

लिंब म्हणजे आमच्याकडे कडुलिंब. ते नुसतं झाड नव्हतं. दर उन्हाळ्यात, रान मोकळं झालं की, म्हाळू धनगर आणि त्याची बायको ठकूबाई आपली मेंढरं घेऊन आमच्या शेतात येत. रात्री मेंढरं रानात बसवायची, म्हणजे लेंडीखत आयतं पडतं. त्याच्या बदल्यात घरधन्यानं त्यांना धान्य द्यायचं. म्हाळूचा बापही आमच्याकडेच येत असे. त्यांचं बिऱ्हाड लिंबाखाली. चूल तिथंच, घोडं तिथंच, कोकरांचं डालगं तिथंच. मामा लहानपणी दुपारभर त्या सावलीत म्हाळूबरोबर खेळलेले. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून वाटेत मी काही विचारलं नाही. फुलंब्री मागे पडल्यावर मामाच बोलले.

"वर्षा, शब्द तोंडातनं गेला तवाच कळलं होतं मला. तिथंच फोन फिरवायचा व्हता. पण गिऱ्हाईक समोर बसलं होतं."

आम्ही पोचलो तेव्हा लिंब आडवा पडला होता. रामभाऊ खुशीत होते. "बघ दादा, बांध कसा मोकळा झाला." मामांनी विचारलं, कधी पडला? "हे काय, आत्ताच. तुझा फोन वाजला तवा मशीन चालू होती, ऐकूच आलं नाय."

"म्या फोन लावला तवा उभा होता?"

"उभाच होता की. पार पलीकडची फांदी काढून झाली होती नुसती."

 परतताना गाडीत मामांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. चूक तर माणूस करतोच. चूक कळल्यानंतर चार माणसांत आपली शोभा राहावी म्हणून गप्प बसलो, हे त्यांना गिळवत नव्हतं. कॅफेत त्यांच्यामुळे माझी मान खाली गेली होती ती लाज निराळी, ती पुढं गमतीची झाली. ही लाज गमतीची व्हायला तयार नव्हती.

उन्हाळा लागला. मेंढरं येणार म्हटल्यावर मामा मुद्दाम पिशोरला गेले, बरोबर मला घेतलं. थर्मासमध्ये कॉफी घेतली आणि दोन पेले. म्हाळू बांधाशी आला, घोड्याचा लगाम धरून उभा राहिला आणि वर बघायला लागला, झाड जिथं असायला हवं होतं तिथं.

"लिंब कुठं गेला, मालक? वादळानं पाडला का?"

रामभाऊ चटकन म्हणाले, "व्हय रे, वादळ लई झालं औंदा."

भावाची लाज राखावी म्हणून ते बोलले. मामांनी आता नुसतं गप्प बसलं की झालं असतं. मी मनातून तेच मागत होते. पण एकदा गप्प बसणं त्यांना पुरे झालं होतं. "नाय म्हाळू," ते म्हणाले. "वादळ नाय काय नाय. म्या पाडायला लावला. मक्यासाठी." रामभाऊ चपलेनं माती उकरायला लागले.  म्हाळू म्हणाला, "आसंल. तुमचं रान हाय," आणि घोड्यावरचं ओझं उतरवायला लागला. ठकूबाईनं चार काठ्या रोवल्या, त्यांच्यावर एक जुनं लुगडं ताणलं आणि सावली केली. "बसा ना मालक, उन्हात कशापायी उभं?" मामांनी दोन पेले भरून दोघांना दिले. ठकूबाईनं घोट घेऊन तोंड वाकडं केलं, मग म्हणाली, "कडू हाय. पर बरं हाय." मामा मात्र लुगड्याच्या बाहेर उभे राहिले. "ऱ्हाऊ द्या, मी हितं बरा हाय."

त्यानंतर दुकानावरची पाटी उतरली. कॉफी तीच राहिली. माल घेतानाची चौकशी तशीच, उलट जास्त कसून. कागदी पेले आले नाहीत. फक्त हकिकत बंद झाली. गिऱ्हाईकानं विचारलं तर मळ्याचं नाव सांगायचे आणि पेला पुढं करायचे. कुणी जुन्या सवयीनं सावलीवाले मामा म्हणून हाक मारली की त्यांची मान खाली जायची. "नाव हाय माझं, नावानं बोलवा," असं म्हणून बघितलं त्यांनी. पण पडलेलं नाव कुणाचं सुटतं?

त्यातच रामभाऊंनी टेंपोतून एक बाक पाठवला. लिंबाच्याच फळ्यांचा, चांगला घडीव. दादाला बरं वाटेल म्हणून त्यांनी सुताराकडे खेपा घालून करवून घेतला होता. मामांनी तो दुकानात ठेवून घेतला, भावाला फोन करून बाक छान झालाय असंही सांगितलं. त्यावर स्वतः कधी बसले नाहीत. कुणी म्हटलं, लाकूड झकास आहे मामा, की ते सांगायचे, "आमच्या बांधावरचा लिंब. मी पाडायला लावला." नवखं माणूस गोंधळायचं, अर्धवट उठायचं. बशीरभाई एकदा कळवळून म्हणाले, "मामा, कित्ते दिन? अल्ला बी माफ करता, तुम नै करते."

मामांनी बांधावर नवीन लिंबाचं रोप लावलं. दर महिन्याला एस.टी.नं जाऊन बघून यायचे, जसं काही रामभाऊ पाणी घालणार नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात ते रोप म्हाळूच्या मेंढरांनी बुडापासून खाल्लं. म्हाळू ओशाळा होऊन, पटका हातात घेऊन उभा राहिला. मामा मात्र हसले. लिंब पडल्यापासून मी त्यांना तेवढं एकदाच मोकळं हसताना पाहिलं. दुसरं रोप लावलं, त्याला ठकूबाईनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. ते जगलं. मामा मात्र दर उन्हाळ्याला तसेच. थर्मास, दोन पेले, आणि लुगड्याच्या सावलीबाहेर उन्हात उभं राहून विचारपूस. मी एकदा म्हटलं, "मामा, बसा ना त्यांच्यात, एक घोट तुम्हीपण घ्या." ते म्हणाले, "कुठल्या तोंडानं? त्यांची सावली काढून घेतली आणि वर त्यांच्याच लुगड्याखाली बसू?"

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मामा गेले. आदल्या दिवशी दुकान उघडलं होतं, सकाळी उठलेच नाहीत. दुकान बंद झालं. पोरींनी आपापले पेले नेले. बाक बशीरभाईंनी मागून घेतला, त्यांच्या दुकानासमोर असतो आता. मी कुठंही कॉफी प्यायला गेले की ओठांवर प्रश्न येतो, कुठली आहे? कधी विचारते. कधी टेबलाभोवती चार माणसं असतात आणि मी गप्प बसते, आणि मग ती कॉफी नीट घशाखाली उतरत नाही.

या उन्हाळ्यात मेंढरं आल्याचं रामभाऊंनी कळवलं. मामांच्या नेहमीच्या मळ्याचीच कॉफी मागवली होती, ती मी थर्मासमध्ये घेऊन गेले. लिंब आता माझ्या खांद्याला लागतो, त्याची सावली एखाद्या कोकरापुरती. मामा गेल्याचं म्हाळूला रामभाऊंकडून कळलंच होतं. त्यानं कपाळाला हात लावला आणि बाजूला बघितलं. मी लुगड्याखाली बसले आणि पेले काढले. ठकूबाई पेल्यांकडे बघत राहिली.

"तीन आणले व्हय? मालक दोनच आणायचे."

मी म्हटलं, तिसरा माझा.

"लई भला माणूस," ती म्हणाली. "त्या दिशी खरं बोलला, भावाला खोटं पाडून. पर आमच्यात कधी टेकला नाय बग. आमच्यासंगं घोट बी घेतला नाय. आमचं कापड मळकं, मेंढराचा वास. मोठ्या घरचं माणूस, त्याला किळस येत आसंल."

म्हाळू खाली मान घालून म्हणाला, "आसतं तसं. लहानपणी बसायचा माझ्यासंगं. मोठं झाल्यावर आसतं तसं."

 एवढे उन्हाळे मामा उन्हात उभे होते, आणि हे दोघं त्यांची कॉफी पीत, आपल्या लुगड्याचे डाग बघत बसले होते. "किळस नाही, ठकूबाई," मी म्हटलं. "लाज वाटायची त्यांना. झाड पाडल्याची. तुमच्या सावलीत बसायचं तोंड नाही म्हणायचे."

ठकूबाईनं पेला खाली ठेवला. तिनं त्या काटेरी कुंपणातल्या रोपाकडे बघितलं.

"मंग तर बसायलाच पायजे हुतं त्यानं," ती म्हणाली.